मोंगोडीबी: बॅकअप रोज होतो, रिस्टोअर मात्र रिकामं येतं

मोंगोडीबी डेटाबेस वापरणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. रात्री दोनचा बॅकअप लावलेला आहे, फोल्डरमध्ये रोज तारखेची फाइल पडते, एरर कुठेच दिसत नाही. मग एक दिवस खरी गरज पडते. बॅकअप परत भरणारं मोंगोरिस्टोअर चालवलं की शेवटच्या ओळीत शून्य डॉक्युमेंट (म्हणजे नोंदी) रिस्टोअर आणि शून्य फेल असं दिसतं. किंवा फाइल मोंगोडंपचं (बॅकअप काढणाऱ्या टूलचं) आर्काइव्ह वाटत नाही, असा संदेश येतो. किंवा रिस्टोअर पूर्ण होतं, पण बिघडलेला डेटा होता तसाच राहतो.

भोसरी-चाकणकडचे छोटे कारखाने, पेठांमधली दुकानं, क्लिनिक अशा ठिकाणी सर्व्हर ऑफिसच्या कोपऱ्यात यूपीएसवर असतो किंवा भाड्याच्या क्लाउड मशीनवर. डेटाबेस सांभाळायला वेगळा माणूस नसतो. तिथे हा प्रकार पुन्हा पुन्हा होतो, आणि कारणं ठरावीकच निघतात. खाली ती लक्षणांवरून शोधायची पद्धत दिली आहे. उदाहरणासाठी सुट्या भागांच्या कारखान्याचा 'साठा' नावाचा डेटाबेस घेतला असून त्यात माल, ग्राहक आणि बिले ही कलेक्शन (नोंदींचे गट) आहेत. कमांड आणि संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते मूळ रोमन स्पेलिंगनेच टाइप करायचे.

आधी फाइलचा आकार बघा

काहीही बदलण्याआधी बॅकअपच्या फोल्डरमध्ये 'एलएस -एल' करा आणि गेल्या महिन्याभराच्या फाइलींचे आकडे एकाखाली एक वाचा. निम्मं निदान तिथेच होतं.

फाइल २० बाइटची असेल, तर जीझिपला (फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलला) आत काहीच मिळालं नाही. रिकामा मजकूर जीझिप केला की बरोबर २० बाइट होतात. म्हणजे पाइपच्या (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेच्या) अलीकडे मोंगोडंप सुरूच झालं नाही किंवा लॉगिनवर पडलं, आणि पलीकडे जीझिपने आपलं काम चोख केलं. 'जीझिप -टी' ने तपासलं तर ही फाइल पास होते, कारण जीझिप म्हणून ती निर्दोष असते. त्या तपासणीवर विसंबू नका.

फाइल शून्य बाइटची असेल, तर शेलने 'पेक्षा मोठं' चिन्हामुळे फाइल उघडून ठेवली आणि कमांड लगेच मेली. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) वापरणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं. त्याचं कारण खाली येतं.

फाइलच नसेल, तर संशयित क्रॉनटॅबमधलं (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीतलं) टक्क्याचं चिन्ह.

आकार रोज थोडा थोडा वाढत होता आणि एका रात्री एकदम निम्म्यावर आला, तर डिस्क भरली किंवा प्रोसेस मध्येच मारली गेली. डिस्क भरण्यामागे हिशेबाची एक चूक नेहमी असते. मोंगोडीबीचं स्टोरेज इंजिन वायर्डटायगर डेटा डिस्कवर स्नॅपी पद्धतीने दाबून ठेवतो. त्यामुळे डेटाच्या फोल्डरचा आकार बघून 'एवढीच जागा लागेल' असं धरलं, तर साधा डंप त्यात मावत नाही. मोंगोश (मोंगोडीबीचं शेल) मध्ये 'डीबी.स्टॅट्स()' चालवा. साध्या डंपला साधारण 'डेटासाइझ' एवढी जागा लागते. 'स्टोरेजसाइझ' हा दाबलेला आकडा असतो. --जीझिप लावलंत तर जागा बरीच कमी लागते, आणि ते न लावण्याचं सहसा काही कारण नसतं.

हाताने चालतं, क्रॉनमध्ये चालत नाही

सगळ्यात जास्त बॅकअप इथे मरतात, म्हणून इथे जरा थांबू.

क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याला वेगळा अर्थ असतो. पहिला टक्का आला की क्रॉन कमांड तिथेच तोडतो, आणि पुढचं सगळं त्या कमांडला इनपुट म्हणून देतो. फाइलच्या नावात 'डेट +%एफ' लिहिलं असेल, तर शेलकडे उघडा राहिलेला कंस पोचतो आणि ओळ सिंटॅक्स एररने मरते. पासवर्डचंही तसंच. पासवर्डमध्ये '@' असेल तर कनेक्शनच्या ओळीत तो '%४०' लिहावा लागतो. ते बरोबर केलं तरी क्रॉन त्या टक्क्यावर ओळ कापतो. टक्क्याआधी उलटा स्लॅश दिला की हे टळतं. पण त्याहून बरा उपाय म्हणजे क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहायचा. स्क्रिप्टच्या आत टक्का साधा टक्काच असतो.

एरर दिसत का नाही? क्रॉन आपलं आउटपुट मेलने पाठवतो. उबंटू किंवा डेबियनवर मेलची यंत्रणा बसवलेली नसेल, तर सिसलॉगमध्ये 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' एवढी एक ओळ पडते आणि खरी एरर टाकून दिली जाते. म्हणून क्रॉनच्या ओळीच्या शेवटी आउटपुट आणि एरर दोन्ही एका लॉग फाइलकडे वळवा. मोंगोडंप आपली प्रगती एररच्या वाटेनेच लिहितं, त्यामुळे फक्त आउटपुट वळवलंत तर लॉग कोराच राहील.

क्रॉनचा पाथ तोकडा असतो, सहसा '/युएसआर/बिन' आणि '/बिन' एवढाच. डेटाबेस टूल्स हाताने उतरवून '/युएसआर/लोकल/बिन' मध्ये ठेवली असतील, तर क्रॉनला मोंगोडंप सापडत नाही आणि पाइपमुळे वर सांगितलेली २० बाइटची फाइल तयार होते. मोंगोडीबी ४.४ पासून ही टूल्स सर्व्हरपासून वेगळी झाली आणि त्यांचे आवृत्ती क्रमांक १०० पासून सुरू झाले. म्हणून नव्या मशीनवर ती आहेत ना, हेही बघून घ्या. 'विच मोंगोडंप' ने जो पत्ता येईल तो स्क्रिप्टमध्ये पूर्ण लिहा.

वेळेचं एक वेगळंच. मायक्रोसॉफ्ट अझुरचा सेंट्रल इंडिया विभाग पुण्यात असला, तरी तिथल्या लिनक्स मशीनचं घड्याळ सुरुवातीला यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं. क्रॉनमध्ये रात्री दोन लिहिलं तर बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला सुटतो. तेव्हा कारखान्यात पहिली पाळी सुरू झालेली असते, आणि मोंगोडंप सगळा डेटा मेमरीतून ओढत असल्यामुळे बिलिंगचा स्क्रीन रखडतो. आपले रात्रीचे दोन हवे असतील तर यूटीसी मशीनवर २० वाजून ३० मिनिटं लिहा. नाहीतर 'टाइमडेटसीटीएल' ने मशीन एशिया/कोलकातावर आणा, पण त्यानंतर क्रॉन सेवा रिस्टार्ट करा. तोवर ती जुन्याच वेळेने चालते.

आम्ही सुचवतो ती स्क्रिप्ट एवढीच आहे:

#!/बिन/बॅश
सेट -इ -यू -ओ पाइपफेल
यूमास्क ०७७
नाव=साठा-$(टीझेड=एशिया/कोलकाता डेट +%एफ)
/युएसआर/बिन/मोंगोडंप --कॉन्फिग=/ईटीसी/मोंगो-बॅकअप.वायएमएल --ऑपलॉग --जीझिप --आर्काइव्ह=/बॅकअप/$नाव.अपूर्ण
एमव्ही /बॅकअप/$नाव.अपूर्ण /बॅकअप/$नाव.जीझेड
फाइंड /बॅकअप -नेम 'साठा-*.जीझेड' -एमटाइम +१४ -डिलीट

यातल्या काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. --ऑपलॉग कशासाठी आणि त्याच्या अटी काय, ते खाली 'बिल आहे, ग्राहक नाही' मध्ये येतं. जीझिप मोंगोडंपच्या आतच आहे, पाइप नाही. त्यामुळे डंप पडला की स्क्रिप्टही पडते. पुढे एनक्रिप्शनसाठी किंवा दुसऱ्या मशीनवर पाठवायला पाइप जोडलात तर 'पाइपफेल' कामाला येईल, आणि म्हणून पहिली ओळ बॅशची हवी. फाइल आधी 'अपूर्ण' नावाने लिहिली जाते, म्हणजे अर्धवट डंप कालच्या चांगल्या फाइलवर कधीच पडत नाही. जुन्या फाइली काढणारी ओळ सर्वांत शेवटी आहे. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. काढण्याची ओळ स्वतंत्र क्रॉनमध्ये ठेवली आणि बॅकअप गुपचूप बंद पडला, तर पंधरवड्यात शेवटची चांगली फाइलही पुसली जाते. अशा वेळी कुणाच्याच हातात काही उरत नाही.

पासवर्ड कमांडच्या ओळीत ठेवू नका. 'पीएस' मध्ये तो दिसू शकतो. कॉन्फिग फाइलमध्ये 'यूआरआय' ही ओळ लिहा, परवानगी ६०० ठेवा. त्या ओळीच्या शेवटी 'ऑथसोर्स=अ‍ॅडमिन' हवं. युजर अ‍ॅडमिन डेटाबेसमध्ये तयार केला आणि लॉगिन 'साठा' वर केलं, तर पासवर्ड अचूक असूनही ऑथेंटिकेशन फेल येतं. युजरला 'बॅकअप' हा तयार रोल पुरतो. पत्त्यात लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१ लिहिणं बरं, कारण काही मशीनवर लोकलहोस्ट आयपीव्ही६ कडे जातं आणि कनेक्शन नाकारलं जातं.

आणि --आर्काइव्ह नंतर बरोबरचं चिन्ह हवंच. जागा सोडून फाइलचं नाव लिहिलं तर ते नाव कनेक्शनचा पत्ता समजलं जातं.

डॉकरमध्ये

'डॉकर एक्झेक -इट' ही जोडी बोटांत बसलेली असते. बॅकअपमध्ये त्यातला 'टी' घातक आहे. तो टर्मिनल जोडतो. टर्मिनल प्रत्येक नव्या ओळीच्या बाइटआधी एक जादा बाइट घालतो आणि प्रगतीचे संदेशही त्याच प्रवाहात मिसळतो. हाताने काढलेली फाइल आकाराने ठीक दिसते, पण रिस्टोअर मध्येच मोडतं, आणि ती फाइल सहसा सुधारता येत नाही. हीच कमांड क्रॉनमध्ये टाकली तर टर्मिनलच नसल्यामुळे ती लगेच नकार देते आणि शून्य बाइटची फाइल मागे राहते. डंप काढताना ना 'आय' ना 'टी'. रिस्टोअर करताना फक्त 'आय', कारण तो नसेल तर फाइल कंटेनरच्या आत पोचतच नाही.

रिस्टोअर काय सांगतंय ते वाचा

'मोंगोडंपचं आर्काइव्ह वाटत नाही' असा संदेश आला तर बहुधा --जीझिप विसरलं आहे. डंपला लावलं तर रिस्टोअरलाही लावावंच लागतं. फाइलच्या नावावरून टूल ते ओळखत नाही. उलट, साध्या फाइलवर --जीझिप लावलं तर 'इनव्हॅलिड हेडर' येतं.

शून्य रिस्टोअर, शून्य फेल: फोल्डरच्या पद्धतीचा डंप असेल तर पत्ता एक पायरी वर किंवा खाली दिला गेला आहे. वरच्या ओळींत 'या फाइलचं काय करायचं ते कळत नाही, सोडून देतो' या अर्थाची वाक्यं असतात. मोंगोरिस्टोअरला असं फोल्डर हवं असतं की ज्याच्या आत डेटाबेसच्या नावाचं फोल्डर आहे. आर्काइव्ह असेल तर --एनएसइन्क्लूडमधलं (काय रिस्टोअर करायचं ते सांगणाऱ्या पर्यायातलं) नाव तपासा. लहान-मोठ्या अक्षराचा फरकही चालत नाही.

'इ ११०००, डुप्लिकेट की' च्या ओळी धबधब्यासारख्या आल्या तर नीट थांबून विचार करा. मोंगोरिस्टोअर फक्त नवं डॉक्युमेंट घालतं, असलेलं बदलत नाही. समजा कुणीतरी अटीविना 'अपडेटमेनी' चालवलं आणि सगळ्या मालाचा दर शून्य झाला. आता कालचा बॅकअप नुसता रिस्टोअर केला तर प्रत्येक आयडी आधीच हजर आहे. सगळी डॉक्युमेंट फेल होतील आणि दर शून्यच राहतील.

इथे हात लगेच --ड्रॉपकडे जातो. तो पर्याय बॅकअपमध्ये असलेलं प्रत्येक कलेक्शन आधी पुसतो आणि मग भरतो. म्हणजे दर परत येतील, पण आज सकाळपासूनच्या नोंदी जातील. शिवाय बॅकअपनंतर तयार झालेली कलेक्शन तो पुसत नाही, त्यामुळे डेटाबेस पूर्णपणे कालच्या स्थितीतही येत नाही. अशा वेळी डेटा बाजूला उतरवा:

मोंगोरिस्टोअर --कॉन्फिग=/ईटीसी/मोंगो-रिस्टोअर.वायएमएल --जीझिप --आर्काइव्ह=/बॅकअप/साठा-तारीख.जीझेड --एनएसइन्क्लूड='साठा.माल' --एनएसफ्रॉम='साठा.*' --एनएसटू='साठातपास.*'

तारांकित नावं अवतरणात हवीत, नाहीतर शेल स्वतःच तारा उलगडायला जातो. आता 'साठातपास' मध्ये जाऊन माल कलेक्शनवर दोन पायऱ्यांचं अ‍ॅग्रिगेट चालवा. पहिली $प्रोजेक्ट, फक्त दर. आयडी आपोआप येतो. दुसरी $मर्ज, इनटू मध्ये साठा डेटाबेस आणि माल कलेक्शन, व्हेनमॅच्ड 'मर्ज', व्हेननॉटमॅच्ड 'डिस्कार्ड'. $मर्ज ४.२ पासून आहे. एवढ्याने फक्त दर पूर्ववत होतात. आज आलेला माल, आजचा साठा, आजच्या नोंदी यांना धक्का लागत नाही. एकच फील्ड बिघडलं असेल तर आमच्या मते हाच मार्ग. --ड्रॉप रिकाम्या सर्व्हरसाठी राखून ठेवा.

--ड्रॉपचा आणखी एक फटका. पूर्ण सर्व्हरचा डंप, त्यात अ‍ॅडमिन डेटाबेस, आणि वर --ड्रॉप, असं केलं की आत्ताचे सगळे युजर पुसले जाऊन डंपमधले येतात. रिस्टोअर ज्या युजरने चाललं आहे तो डंपमध्ये नसेल तर काम मध्येच अडतं. मध्यंतरी पासवर्ड बदलले असतील तर जुने परत येतात. एकाच डेटाबेसची गरज असेल तर --एनएसइन्क्लूड नेहमी लिहा.

बिल आहे, ग्राहक नाही

रिस्टोअर पूर्ण होतं, आकडेही जुळतात, पण काही बिलांचा ग्राहकच सापडत नाही. डंप सगळी कलेक्शन एकाच क्षणी वाचत नाही. ग्राहक आधी वाचून झाले, बिले नंतर. मधल्या मिनिटांत रात्रपाळीत कुणी नवा ग्राहक घालून बिल केलं, तर बिल बॅकअपमध्ये येतं आणि ग्राहक राहून जातो. --ऑपलॉग यासाठीच आहे: डंप चालू असताना झालेले बदलही तो टिपतो. रिस्टोअरच्या वेळी --ऑपलॉगरिप्ले दिला की सगळं डंप संपला त्या क्षणाला येतं. या पर्यायात 'रिप्ले'चा आर मोठा.

अटी दोन. डंप पूर्ण सर्व्हरचा हवा. --डीबी सोबत --ऑपलॉग दिलं तर 'फक्त पूर्ण डंपवर चालतं' असा नकार येतो. आणि सर्व्हर रेप्लिका सेटमध्ये (एकाच डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या गटात) हवा. एकच मशीन असलं तरी चालतं: सर्व्हरच्या मोंगोड.कॉन्फ फाइलमध्ये रेप्लसेटनेम लिहा, रिस्टार्ट करा, 'आरएस.इनिशिएट()' चालवा. पण ऑथरायझेशन चालू असेल तर आधी की-फाइल (सर्व्हरांच्या आपसातल्या ओळखीची गुप्त फाइल) लागते, नाहीतर सर्व्हर सुरूच होत नाही. 'ओपनएसएसएल रँड -बेस६४ ७५६' ने फाइल बनवा, परवानगी ४००, मालक मोंगोडीबी चालवणारा युजर: उबंटूवर 'मोंगोडीबी', रेड हॅटवर 'मोंगोड'. हा बदल पाळी चालू असताना करू नका.

'ऑपलॉग ओव्हरफ्लो' येऊन डंप पडत असेल तर डंप संपेपर्यंत ऑपलॉगची (सर्व्हरच्या बदलांच्या नोंदवहीची) सुरुवात पुसली जाते आहे. 'रेप्लसेटरिसाइझऑपलॉग' ने आकार वाढवा. आकडा मेगाबाइटमध्ये, किमान ९९०. आणि --ऑपलॉगरिप्लेला नुसता 'रिस्टोअर' रोल पुरत नाही. सर्व रिसोर्सवर सर्व कृतींची परवानगी असलेला वेगळा रोल बनवून फक्त रिस्टोअरच्या युजरला द्या, आणि तो युजर रोजच्या कामाला वापरू नका.

तपासणी कशी करायची

पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या पट्ट्यात बहुतेकांना गुरुवारची सुट्टी असते. महिन्यातून एक गुरुवार यासाठी ठेवा. फक्त त्या दिवशी त्या भागात देखभालीसाठी वीज बंद असणार नाही ना, ते आदल्या दिवशी बघून घ्या, कारण इंडेक्स बांधणी यूपीएसच्या बॅटरीवर संपेलच असं नाही. डंपमध्ये इंडेक्सची फक्त व्याख्या असते. रिस्टोअर तो नव्याने बांधतो, आणि मोठ्या कलेक्शनवर जास्त वेळ तिथेच जातो. हा लागणारा वेळ लिहून ठेवा. मालक 'किती वेळात सुरू होईल?' असं विचारतात तेव्हा त्याचं उत्तर हाच आकडा असतो.

शक्यतो वेगळं मशीन घ्या, सर्व्हरची मुख्य आवृत्ती तीच ठेवा. वेगळं मशीन नसेल तर त्याच मशीनवर रिकाम्या फोल्डरवर दुसरा मोंगोड (मोंगोडीबीचा सर्व्हर) २७०१८ पोर्टवर उठवा, बाइंड आयपी १२७.०.०.१. डिस्कवर जागा आणि मेमरी दोन्ही पुरेशी आहे ना, ते आधी बघा. वायर्डटायगरचा कॅश आपणहून एकूण मेमरीतून १ जीबी वजा करून उरलेल्याच्या निम्म्यापर्यंत जातो, आणि दोन सर्व्हर दोघेही तसंच करतील. दुसऱ्याला --वायर्डटायगरकॅशसाइझजीबी देऊन लगाम घाला.

रिस्टोअर झालं की दोन्हीकडे प्रत्येक कलेक्शनवर 'काउंटडॉक्युमेंट्स({})' चालवा. चालू सर्व्हरचा आकडा थोडा जास्त असणार, ते ठीक. मग बॅकअपमधल्या बिलांतलं सर्वांत नवं डॉक्युमेंट काढा: आयडीवर उलटा सॉर्ट, लिमिट १. आयडी मोंगोडीबीनेच दिलेला असेल तर त्याच्या पहिल्या चार बाइटमध्ये वेळ असते आणि 'गेटटाइमस्टॅम्प()' ती दाखवतं. ती यूटीसीत असते. साडेपाच तास मिळवा. ती वेळ बॅकअपच्या वेळेच्या आसपास असेल तर फाइल ताजी आहे. आठवड्यापूर्वीची निघाली तर बॅकअप दुसऱ्याच, सोडून दिलेल्या सर्व्हरचा घेतला जातो आहे. सर्व्हर बदलल्यावर कॉन्फिग फाइलमधला पत्ता जुनाच राहिला की हे होतं.

तपासणीसाठी वेगळी कॉन्फिग फाइल करा आणि पोर्ट तिच्यातच २७०१८ लिहून ठेवा, युजर आणि पासवर्डही वेगळे द्या. पोर्ट दरवेळी हाताने टाइप केला तर एक ना एक दिवस तो राहून जातो, टूल आपणहून २७०१७ धरतं, आणि --ड्रॉप चालू सर्व्हरवर सुटतो. युजर वेगळा असेल तर ती कमांड लॉगिनवरच अडते.